मंडईच्या दिवशी लागलेली खीर

माझ्या हातात झाडू दिसला की लोक माझ्या बायकोची तब्येत विचारतात. "घरी बरं नाही का?" गाव लहान आहे. मला ओळखत नाही असा माणूस इथे सापडायचा नाही. माझी बायको रोज सकाळी याच लोकांच्या दारावरून स्कूटीनं उपकेंद्रात जाते, यांच्याच नातवंडांना डोस पाजते, यांच्याच सुनांची बाळंतपणं करते. ती ठणठणीत आहे हे त्यांनी नुकतंच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तरी विचारतात. आधी मी समजावून सांगत असे. मग एकदा एकाला सांगितलं, "मेली काल. तेरवीले या." ते बायकोच्या कानावर गेलं. ती हसली, पण असं अभद्र बोलायचं नाही अशी तंबीही मिळाली. तेव्हापासून मी नुसता पाहतो आणि झाडत राहतो. अंगावर धूळ आली की बहुतेक लोक पुढे जातात.

मी आधी राईस मिलमध्ये होतो. आमच्या भागात धान वाफवून मग भरडतात, त्याला उसना तांदूळ म्हणतात. त्या वाफवायच्या हौदांवर माझं काम होतं. मिल बंद पडली आणि मालकानं यंत्रं विकून टाकली. माझ्या वयाच्या माणसाला दुसरी मिल घेईना. घरी बसलो. छपरीत खुर्ची टाकून आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावचा रस्ता पाहायचा, कोणती बस उशिरा आली यावर मत द्यायचं, हाच धंदा झाला. दिवसभर गावोगाव फिरून आलेली बायको हातपाय धुऊन भात लावायची. आता, माझी बायको माणसं बरी करते, भात नाही. एका दिवशी गिचका, दुसऱ्या दिवशी कच्चा. मी सगळी उमर तांदळात काढलेला माणूस. एका संध्याकाळी मी तिच्या हातातून पातेलं घेतलं आणि म्हणालो, "बाजूला हो." ती बाजूला झाली ती आजतागायत परत आलेली नाही. या व्यवस्थेबद्दल आमच्यात याहून जास्त चर्चा कधी झाली नाही.

चर्चा गावानं केली. पारावर केली, दळणाच्या चक्कीवर केली, माझ्या तोंडावरही केली. बायकोच्या पगारावर जगणारा, घरकोंबडा, बाईलवेडा. हे म्हणणाऱ्यांमध्ये असेही होते की ज्यांची बायको रोवणीला कंबरभर चिखलात आणि हे पानठेल्यावर. मी त्यांना उत्तर देत नाही असं नाही. देतो. त्यामुळे आमच्याकडे चहाला येणारी माणसं कमी झाली आहेत आणि साखर पुरते.

घर दोन खोल्यांचं. पुढे छपरी, मागे बाडी, वर कवेलू, म्हणजे कौलं. बाडीत वांगी, वाल, कोहळ्याचा वेल. छपरी मी शेणानं सारवतो. शेणात माती किती घालायची, हात कसा फिरवायचा, हे मला माझ्या आईनं शिकवलं नव्हतं. तिला वाटलं नसेल की मला लागेल. मी शेजारच्या म्हातारीकडे पाहून शिकलो. तिनं मला एकदाही बायकोची तब्येत विचारली नाही. "कोपऱ्यात हात दाबून फिरव," एवढंच म्हणाली.

"घर लहान पडत असेल ना?" हा लोकांचा दुसरा आवडता प्रश्न. कोणाला लहान पडतं? आम्ही तीन माणसं. मी, बायको आणि लेक. लेक गोंदियाला एका तपासणी लॅबमध्ये कामाला आहे, रक्त तपासते. ती संध्याकाळच्या बसनं येते. चप्पल काढायच्या आधी तिला आज काय केलं आहे ते कळलेलं असतं, कारण या घरात फोडणीला लपायला जागा नाही. मग बायको स्वयंपाकघराच्या दाराला टेकून बसते, लेक पाटावर बसते, मी गॅसच्या शेगडीजवळ. एक जण सांगतो, दुसरा खोडून काढतो. मीठ जास्त झालं की दोघी मिळून मला सोलून काढतात. तिसरी खोली असती तर तिच्यात कोणीतरी रुसून बसलं असतं. इथे रुसायचं म्हटलं तरी दुसऱ्याच्या मांडीला मांडी लावूनच रुसावं लागतं, आणि ते फार वेळ टिकत नाही. मी सुखी आहे, हे मी सरळ सांगतो. पण हे सांगितलं की ऐकणारा माझ्याकडे अशा नजरेनं पाहतो की मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटते.

या सगळ्यांमध्ये पहिला नंबर माझ्या मोठ्या बहिणीचा. ती गोंदियात राहते. तिच्या घरातलं नुसतं स्वयंपाकघर माझ्या दोन्ही खोल्यांएवढं आहे आणि जेवण बाहेरून डब्यानं येतं. माझ्याकडे आली की ती आधी वर पाहते, कवेलूकडे, आणि मग पदरानं खुर्ची पुसते. ती खुर्ची मी तासाभरापूर्वी पुसलेली असते. लहानपणी तिनंच मला वाढवलं, हे ती विसरू देत नाही, आणि खरं आहे म्हणून मला काही बोलताही येत नाही. तिच्यासमोर माझं तोंड जे थोडंफार बंद राहतं ते तेवढ्याच कारणानं.

लेकीसाठी स्थळ तिनंच आणलं. पोरगा आमगावकडचा, पाटबंधारे खात्यात नोकरी, एकुलता एक. फोटो आले, गेले. मग पोरानं लेकीला फोन केला. ती बाडीत उभी राहून बोलली. फोन झाल्यावर तिनं दोरीवरचे सगळे कपडे काढले आणि एकेकाची घडी घातली. माझी लेक स्वतःहून कपड्यांच्या घड्या घालत नाही. मी खिडकीतून पाहत होतो आणि मला कळायचं ते कळलं. मला वाईट वाटलं, आणि आनंदही झाला. बापाला दोन्ही एकदमच होतं.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. एका दिवसाची जत्राच म्हणा. दुकानं, झुले, नाटकाचा मांडव, आणि घरोघरी पाहुणे. सोयरिकी जुळवायचा हाच हंगाम, कारण मंडईच्या निमित्तानं आलेल्या पाहुण्याला पोरगी पसंत पडली नाही तरी तो मंडईच पाहायला आला होता असं म्हणता येतं. आमच्या गावच्या मंडईला पोराकडचे येणार असं ठरलं. आदल्या दिवशी बहीण येऊन ठाकली आणि आल्या आल्या तिनं मला छपरीत गाठलं.

"उद्या तू चुलीजवळ दिसाचं नाही," ती म्हणाली.

"काऊन?"

"काऊन म्हंजे? पोरीचा बाप भांडे घासते म्हनून समजलं तं ते लोक उंबरठा चढतीन का?"

"मंग नोको चढू म्हना."

"तुह्या तोंडाले लगाम नाही, भाऊ. मी सांगतलं त्याईले, का तू धानाचा व्यवहार पाहते म्हनून. तेवढं सांभाळ. मह्यासाठी नोको करू. पोरीचं पाहा."

पोरीचं पाहा, म्हणाली. तिथे मी हरलो. बाडीतल्या त्या घड्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या आणि मी हो म्हणून बसलो. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण हो म्हणालो. बायकोनं एवढंच सांगितलं की तिला खोटं बोलता येत नाही. "बोलू नोको," बहीण म्हणाली, "नुसती हासत राय." लेक तेव्हा घरात होती. तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं, तिलाही तेच हवं असेल.

ठरलं असं की स्वयंपाक मीच करायचा, पण पाहुणे येण्याआधी उरकून बाहेर यायचं. मी पहाटेच उठलो. पातोडीचा रस्सा केला. बेसनाची पातोडी थापून, तुकडे पाडून, खोबरं, तीळ आणि निखाऱ्यावर भाजलेल्या कांद्याच्या रश्श्यात सोडली. लाखोरीच्या डाळीचे वडे तळले. आणि त्या वर्षीचा नवा तांदूळ होता, त्याची खीर ठेवली. नव्या तांदळाची खीर हे माणसाची परीक्षा पाहणारं काम आहे. तांदूळ चिकट, दूध दाट, आणि आच जरा वाढली की बुडाला धरते. मंद आचेवर ठेवून तिच्याजवळ उभं राहावं लागतं. लेकीला सांगितलं, "अधूनमधून हलवत राय, बाकी काही करू नोको." ती मान हलवून हो म्हणाली.

तोवर बहिणीनं घराचं नाटक केलं होतं. शेजाऱ्यांकडून गादीच्या खुर्च्या आणल्या. माझ्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं आणि आतल्या खोलीत गादीखाली लपवलं, जसं काही चोरीचा माल. मला भाटव्यांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, कडक इस्तरीचा पांढरा सदरा घातला. तो मला गळ्याशी काचत होता. आणि मग तिनं माझ्या बायकोच्या मनगटांना बेसन लावलं. खोटं नाही सांगत. परातीतलं बेसन चिमटीनं घेतलं आणि दोन्ही मनगटांना चोळलं, आताच स्वयंपाकातून उठून आल्यासारखं दिसावं म्हणून. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

पाहुणे आले. पोरगा, त्याचे आईवडील आणि मामा. पोरगा मला आवडला, हे सांगितलं पाहिजे. नीट बोलला, वाकून नमस्कार केला, उगाच मोबाईल काढला नाही. त्याचे वडील कमी बोलणारे. मामा गोंदियाचे व्यापारी, ते आपले हिंदीत. आई मात्र बसल्या बसल्या घर मोजत होती. मी माझ्याच घरात पाहुण्यासारखा खुर्चीवर बसलो होतो आणि हात कुठे ठेवावेत ते मला कळत नव्हतं. एरवी त्यांना काम असतं.

"भाईसाब, इस साल का धान कैसा है?" मामांनी विचारलं.

"शिजते चांगला," मी म्हणालो. "पानी थोडं कमी लागते."

मामा माझ्याकडे पाहत राहिले. बहीण मोठ्यानं हसली. "त्याले मजाकची सवय हाये," ती म्हणाली आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं की लहानपणी ती मला बोरं चोरताना धरायची तेव्हाचं आठवलं.

लेकीनं वडे आणि रस्सा आणून दिला. साडी नेसली होती, छान दिसत होती. पोरानं तिच्याकडे पाहिलं, तिनंही पाहिलं, मग ती आत गेली. मंडळी जेवू लागली. आणि मला कबूल करावंच लागेल, ते ज्या तऱ्हेनं जेवत होते ते पाहून माझा राग थोडा निवळला होता. मामांनी रस्सा परत मागितला. पोराच्या आईनंसुद्धा वाटी तिरपी करून तळ पाहिला.

"चव लय चांगली हाये," ती माझ्या बायकोला म्हणाली. "आजकाल मंडईत लोक आचारी आनतात. पन बाईच्या हाताची चव ते बाईच्याच हाताले. खसखस टाकली वाटते?"

बायको हसत राहिली. सांगितलं होतं तसं.

"टाकली ना," बहीण मधेच म्हणाली. "आमच्या भावजयीचं ते खासच हाये."

खसखस! माझ्या घरात खसखशीचा एक दाणा नव्हता. आपल्या डोळ्यांदेखत आपली भाजी दुसऱ्याच्या नावावर चढते आणि वर तिच्यात खसखस पडते, हे ज्यानं सोसलं नाही त्याला मी काय सांगू. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी दात आवळून बसलो. मनाशी म्हणालो, एक दिवस आहे, जाईल. लेक सुखात पडेल. तिच्या लग्नात माझ्याऐवजी आचारी येईल आणि मी याच सदऱ्यात लोकांचं स्वागत करीन.

तेवढ्यात वास आला.

दूध लागायला सुरुवात होते तेव्हा आधी थोडासा गोडसर वास येतो. तेवढ्यात उठलं तर खीर वाचते. मी बहिणीकडे पाहिलं. तिच्या नाकाला काही नाही. बायकोकडे पाहिलं. ती मनगट खाजवत होती. आत लेक आहे, ती पाहील, असं म्हणून मी बसून राहिलो. पोराची आई बहिणीला विचारत होती की हळद-कुंकवाला या घरात बाया कुठे बसवता. बहीण सांगत होती की लवकरच कवेलू काढून वर माळा चढवणार आहेत. मला ही बातमी नवी होती. मी खुर्चीच्या हातावर हात दाबून धरले.

मग वास बदलला. गोडसरपणा गेला आणि करपट आला. मी अर्धा उठलो. बहिणीनं नुसत्या डोळ्यांनी मला खाली बसवलं, आणि मी, सगळ्या गावाला शिंगावर घेणारा माणूस, बसलो. आणखी थोडा वेळ बसलो. आत कोणी चमचासुद्धा हलवत नव्हतं. तो नवा तांदूळ, ते दूध, ती पहाटेपासूनची मेहनत बुडाला जळत होती आणि आम्ही सगळे माळ्याबद्दल बोलत होतो.

मी उठलो. बहिणीनं सदऱ्याचं टोक धरलं ते माझ्या चालीनं सुटलं. आत लेक शेगडीपासून दोन पावलं दूर उभी होती, हात पदरात गुंडाळलेले. शेगडीची आच पूर्ण मोठी होती. ती कोणी केली हे विचारायला वेळ नव्हता. "डोरे फुटले का तुहे? कोनी पाहूनच नाही रायलं!" असं ओरडत मी शेगडी बंद केली, भाटव्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या टोकानं पातेलं धरलं आणि खाली उतरवलं. लागलेली खीर कधी ढवळू नये. वरची तेवढी हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात ओतली. पाहुण्यांसाठी लावलेल्या तबकातून विड्याचं पान उचलून तिच्यात टाकलं, करपटपणा जरा ओढून घेतं. चाखली. वाचली होती. अगदी पूर्वीची नाही, पण खाण्यासारखी होती.

हे सगळं झाल्यावर मी दाराकडे पाहिलं. दोन खोल्यांच्या घरात माझं ओरडणं सगळ्यांनी ऐकलं होतं आणि दारातून सगळ्यांनी पाहिलंही होतं. आता लपवायचं काय होतं? मी गादीखालून माझं फडकं काढलं, खांद्यावर टाकलं आणि खिरीचं भांडं घेऊन बाहेर आलो.

"खीर मी केली हाये," मी म्हणालो. "रस्सा मी केला, वडे मी केले. रश्श्यात खसखस नाही, तीळ हाये. माही बायको कमावते अन् मी घर पाहतो. धानाचं मले येवढंच समजते, का ते शिजवाचं कसं. माळा-बिळा काही चढवाचा नाही. आता खीर खा, गरम हाये."

आणि मी वाढली. आवाज चढलेला होता, लपवत नाही. वाढताना वाटीवर पळी आपटत होती. बायको उठली आणि तिनं सरळ बाडीत जाऊन मनगटं धुतली. पोराच्या वडिलांनी एक चमचा खाल्ला आणि दुसरा घेतला. मामा म्हणाले, "खीर तो बढ़िया है." पोराच्या हातात वाटी होती, चमचा तोंडापर्यंत गेला होता. त्यानं आईकडे पाहिलं. आईनं तिची वाटी न चाखता खाली ठेवली. मग त्यानंही ठेवली.

माझी लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"कळवतो," असं म्हणून ती मंडळी मंडई पाहायला गेली. बहीण तिथेच खुर्चीवर बसून रडली आणि मग माझ्यावर तुटून पडली. पोरीच्या नशिबाला लाथ मारली, म्हणाली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, म्हणाली. मी म्हणालो, तुझ्याकडे डबा येतो, तिकडे जाऊन जेव. हे बोलायला नको होतं असं तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, पण खसखशीचं मी तिला माफ केलेलं नाही. ती त्याच दिवशी गोंदियाला परत गेली, पाणी न पिता. बायको मला म्हणाली, "बरं झालं उठले. मले ते बेसन खाजवून रायलं होतं." ती हसत होती. मला हसू येईना.

कारण लेक बोलत नव्हती. म्हणजे बोलत होती, मीठ जास्त झालं एवढं सांगत होती, पण पाटावर बसून दिवसभराचं जे सांगायची ते बंद झालं. काही दिवसांनी त्यांच्याकडच्या एका मध्यस्थाचा फोनवर निरोप आला. पोरगी चांगली आहे, पण घरचं वळण पटलं नाही. घरचं वळण! ज्या घरात चूल एक दिवस थंड पडली नाही, जिथे कोणी कोणावर हात उचलला नाही, त्या घराचं वळण! मी ज्या शब्दांत मध्यस्थाला उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाहीत. आणि फोन ठेवल्यावर मनात आलं: जे काही मोडलं ते माझ्या हातानं मोडलं होतं, एका पातेल्यासाठी.

ते पातेलं अजून निघालं नव्हतं. चिंच घालून उकळलं, सोडा टाकून भिजवलं, तरी बुडाचा काळा थर हलत नव्हता. बायको म्हणाली होती, फेकून द्या. त्या दुपारी मी ते बाडीत नेलं आणि वाळू घेऊन घासत बसलो. त्या दिवशी लेकीला सुट्टी होती. ती आली आणि वेलाखाली, माझ्यासमोर, उकिडवी बसली.

"निरोप आला ना?" तिनं विचारलं.

"आला. तुले कोनं सांगतलं?"

"त्याचा फोन आला होता. म्हने, आई मानून नाही रायली."

"अन् तो का म्हनते?"

"तेच. आई मानून नाही रायली म्हनते."

मी घासत राहिलो. वाळूचा आवाज बरा होता, त्यात बोलावं लागत नव्हतं. पण मग बोललो.

"तुले आवडला होता तो."

"हो," ती म्हणाली. डोळे खाली न घेता म्हणाली.

"मंग मीच बसून रायलो असतो तं झालं असतं. जराशी जळकी खीर खाल्ली असती त्याईनं. कोनी मरत नाही खिरीनं."

"आच मीच मोठी केली होती, बाबा."

माझा हात थांबला. आणि पहिली गोष्ट जी माझ्या तोंडून निघाली ती दुधाची होती. एवढं दूध, नवा तांदूळ, मी पहाटेपासून उभा, बह्याडी आहेस का, अन्नाशी असा खेळ करतात का! मी चांगलाच सुटलो. तिनं मला पूर्ण बोलू दिलं. या घरात आम्ही एकमेकांना पूर्ण बोलू देतो.

"झालं?" ती म्हणाली. "मंग का करू? आत्यानं तुमाले पाहुण्यावानी बसवलं अन् तुमी बसले. आज बसले, मंग लगनात बसले असते, मंग माह्या घरी याल तवाही तोच सदरा घालून बसले असते. त्या घरात मी जनमभर सांगत रायली असती, का माहा बाप धानाचा व्यवहार पाहते. मले नाही जमत तसं."

"तं मले तसं सांगाचं होतं."

"सांगाले कायले लागते? मले वाटलं, वास आला का तुमी उठसान." तिनं माझ्या हातातून पातेलं ओढून घेतलं आणि स्वतः घासू लागली. तिला घासता येत नाही, ती नुसती वाळू फिरवते. "पयले थोडीच वाढवली. तुमी नाही आले. मंग अजून वाढवली. तरी नाही आले. मंग पुरी मोठी केली अन् उभी रायली. तुमी उठूनच नाही रायले होते, बाबा. मले भेव वाटलं."